गुंड भरेपर्यंत

मे महिन्यात मेडिकलच्या ओपीडीत
कूलरसमोरच्या बाकावरून भांडणं होतात.
एकशे बारावा केसपेपर:
करुणा सहारे, वय एकोणीस, पारडी.

आई सांगते, कमजोरी हाय मॅडम, चक्कर येते.
एकदा चप्पल हुंगवली, एकदा कांदा.
शेजारीण म्हणते बाहेरचं हाय.

मी विचारते
जे गेली अकरा वर्षं सगळ्यात आधी विचारते:
कोणी पाहिलं?

ज्याला झटका येतो त्याला तो दिसत नाही,
आणि मी पोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो.
हातोडी, टॉर्च, एवढी जाड पुस्तकं,
सगळी दुसऱ्याच्या डोळ्यांची उधारी.

करुणा म्हणाली, मले काईच आठवत नाई.
आई म्हणाली, मी भाकरी थापत होती.

मग टाचांनी स्टूल वाजवत बसलेला
तिचा आठ वर्षांचा भाऊ, सुमेध:
मी दाखवू?
गप रे पोट्ट्या! घरी बी नकलाच करते हा.
दाखव, मी म्हटलं.

तो उठला.
चेहऱ्यावरून सुमेध निघून गेला.
नजर कूलरवर, पण कूलर न बघणारी.
तोंडात संत्र्याची फोड असावी तसं चघळणं,
उजवा हात सदऱ्याची बटणं चाचपतोय, एकेक, पुन्हा पहिल्यापासून,
आणि डावा
कोपरात वळून, मनगटात वाकडा होऊन
घट्ट थांबलेला.

माझ्या मागे उभ्या निवासी डॉक्टरचं पेन थांबलं.
उजवं कानशील, आत, खोल.
पोरानं बोट ठेवलं होतं.

किती वेळ चालतं?
नळाखाली गुंड भरेपर्यंत.
त्याच्या आधी?
म्हणते, पोटातून काईतरी वर येऊन राह्यलं.
आणि नंतर?
नंतर इचारते, काय झालं रे.
मी सांगत नाई.
काऊन?
तिले लाज वाटते ना.

ईईजीसाठी केस शाम्पूनं धुऊन, तेल न लावता,
रात्रभर जागून आली करुणा.
मेंदूच्या रेषा शांत, ओळीत, शाळेच्या प्रार्थनेसारख्या.
अहवाल: नॉर्मल.
आईनं हात जोडले, म्हणजे काईच नाई ना?
मी म्हटलं, त्या अर्ध्या तासात काही नाही, एवढंच.
एमआरआयची तारीख दिवाळीनंतरची मिळाली.
मी मुलाच्या साक्षीवर गोळी सुरू केली.

आईनं दोघांना पाणी आणायला पाठवलं,
आवाज उतरवून विचारलं, लग्नाचं कसं?
होईल की, म्हटलं. फक्त लपवू नका.
गोळी निवडताना
मी अजून नसलेल्या एका बाळाचाही विचार केला होता,
ते मात्र तेव्हा बोलले नाही, पुढच्या खेपेला बोलले.
सुमेधला वेगळं सांगितलं:
कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको,
घड्याळ बघ. पाच मिनिटं झाली की एकशे आठ.
घड्याळ नाई आमच्या घरी.
बरं, गुंड मोज. तिसरा भरला की फोन.

ऑक्टोबरात गणिताच्या वहीचं शेवटचं पान:
जुलै, एक गुंड. ऑगस्ट, अर्धा.
सप्टेंबर, काटोलला मावशीचं घर, पाऊण.
तिथे गोळ्या बॅगेतच राहिल्या होत्या,
कारण मावशीला माहीत नव्हतं.
मी रागावले नाही. रागावलं की पुढच्या वेळी वहीत खोटं येतं.
गोळी थोडी वाढवली.

उठता उठता करुणा म्हणाली,
सुम्या, मले दाखव.
मी कशी दिसते ते.

तो माझ्याकडे बघत राहिला.
बाहेर एकशे सदतीस नंबर पुकारला गेला, कोणी आलं नाही.

मग त्यानं केलं. हळू.
हात होते, नजर होती,
चघळणं त्यानं गाळलं.

माझ्या लक्षात आलं.
केसपेपरवर मी काही लिहिलं नाही.